मॉरिशस पर्यटन प्रोत्साहन प्राधिकरण

मॉरिशस पर्यटन प्रोत्साहन प्राधिकरण : हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्राचे राष्ट्रीय पर्यटन कार्यालय. एमटीपीए या इंग्रजी आद्याक्षरांनीच ते ओळखले जाते. १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेली ही वैधानिक संस्था पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. देशाची जगभर जाहिरात करणे, परदेशी पर्यटन कंपन्यांशी संधान बांधणे आणि कोणत्या देशातून कोण, कधी व किती येतो याचा अंदाज घेणे ही तिची मुख्य कामे. नावात ‘प्राधिकरण’ असले तरी हुकूम सोडण्याचा अधिकार तिच्याकडे फारसा नाही. ती बेट विकते. पण विमाने, किनारे आणि हॉटेलांचे परवाने यांतले काहीच तिच्या हातात नसते. कोणत्याही द्वीपराष्ट्राच्या पर्यटन कार्यालयाची ओढाताण इथूनच सुरू होते.

पर्यटनासाठी स्वतंत्र सरकारी खाते सर्वांत आधी काढण्याचा मान न्यूझीलंड या दुसऱ्या द्वीपराष्ट्राकडे जातो. तिथे १९०१ मध्येच असे खाते निघाले होते. खंडावरच्या देशात शेजारचा माणूस गाडी काढून किंवा रेल्वेत बसून येऊ शकतो, त्यामुळे जाहिरात थोडी कमी पडली तरी हंगाम निभावतो. बेटावर ती सोय नाही. क्रूझ जहाजांचे थोडे प्रवासी सोडले, तर मॉरिशसला येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा प्लेझान्स येथील सर शिवसागर रामगुलाम विमानतळावरच उतरतो. मुंबईहून हे अंतर साधारण सहा तासांचे, पॅरिसहून त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून वर्षाला किती पर्यटक येतील हे पोस्टरवरच्या निळ्या पाण्यापेक्षा विमानातल्या आसनांवर ठरते. एखाद्या शहराची थेट उड्डाणे बंद झाली की तिथली सगळी जाहिरात वाया जाते. त्यामुळे विमान कंपन्यांची मनधरणी आणि नव्या मार्गासाठी जाहिरातीच्या खर्चात वाटा उचलणे हे या कार्यालयाचे कमी दिसणारे, पण मोलाचे काम आहे.

किती आणि कोणते पर्यटक येतात यात सरकारी धोरणाचाही हात होता. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देश उसावर जगत होता. १९७० मध्ये वर्षभरात आलेले पर्यटक तीस हजारांच्या आतच होते. पर्यटन वाढवायचे ठरले तेव्हा मॉरिशसने मोजके पण खर्चिक पाहुणे पसंत केले आणि स्वस्त चार्टर विमानांना अनेक वर्षे मज्जाव केला. किनाऱ्यावर महागडी हॉटेले उभी राहिली आणि फ्रान्स ही पहिल्या क्रमांकाची बाजारपेठ झाली, ती आजही आहे. जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरच्या देशात माणसांची गर्दी परवडणार नाही, हा त्यामागचा हिशेब. तो बऱ्याच अंशी बरोबर ठरला. तरी २०१८ मध्ये पर्यटकांचा आकडा चौदा लाखांच्या घरात, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्याही पुढे गेला होता, हे विसरता येत नाही.

कामांची वाटणी बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकणारी आहे. हॉटेल, गेस्ट हाउस आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी यांचे परवाने ‘टुरिझम ऑथॉरिटी’ नावाची वेगळी संस्था देते. आकडेवारी सांख्यिकी विभाग प्रसिद्ध करतो. चित्रपटाच्या चित्रीकरणाचा काही खर्च परत देण्याची योजना आर्थिक विकास मंडळाकडे असते. सुमारे सहाशे किलोमीटर पूर्वेला असलेल्या रॉड्रिग्ज बेटाला २००२ पासून स्वायत्तता आहे आणि तिथल्या पर्यटनाचा कारभार बराचसा तिथलेच लोक पाहतात. बोटवाल्याने फसवले म्हणून प्राधिकरणाकडे गेलेल्या प्रवाशाला दुसऱ्या दाराची वाट दाखवली जाते. नियमाने हे ठीकच, पण त्या प्रवाशाच्या लेखी बदनामी होते ती देशाची, म्हणजे प्राधिकरणाच्याच मालाची.

परदेशात प्रत्येक ठिकाणी स्वतःची कचेरी थाटणे लहान देशाला झेपत नाही. बहुतेक ठिकाणी तिथल्याच एखाद्या प्रतिनिधी संस्थेला काम दिले जाते. भारतातही हीच पद्धत आहे. मुंबईसारख्या शहरांत रोड शो होतात. हॉटेलच्या सभागृहात टेबले मांडलेली, एका बाजूला मॉरिशसची हॉटेले आणि तिथे गाड्या-गाइड पुरवणाऱ्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला पुणे, नाशिक, सुरतेकडचे एजंट. ठरलेली मिनिटे संपली की घंटा वाजते आणि खुर्ची बदलायची. समुद्र किती निळा आहे हे तिथे कोणी विचारत नाही. शाकाहारी जेवण मिळेल का, जैन जेवण करणारा स्वयंपाकी आहे का, रात्रीच्या विमानाने येणाऱ्यांना सकाळी लवकर खोली देणार का, वीस पॅक्सच्या, म्हणजे वीस प्रवाशांच्या, ग्रुपला भाव काय, असे प्रश्न असतात. त्यातून निवडक एजंटांना ‘फॅम ट्रिप’वर, म्हणजे ठिकाणाची ओळख करून देणाऱ्या सहलीवर, बेटावर नेले जाते. मौजेची सहल असा तिचा लौकिक असला, तरी दिवसाला चार-पाच हॉटेलांच्या खोल्या, स्नानगृहे आणि भटारखाने पाहून पाय दुखून येतात. पण स्वतः पाहिलेले हॉटेल एजंट ठामपणे विकतो.

भारतीय बाजारपेठेचे महत्त्व आकड्यापेक्षा वेळेत आहे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, म्हणजे मे-जून तिथला हिवाळा. युरोपीय पर्यटक तेव्हा कमी असतात. नेमकी त्याच वेळी आपल्याकडे शाळांना सुट्टी असते आणि लग्नसराईतली नवी जोडपी मधुचंद्राला निघालेली असतात. रिकाम्या खोल्या भरायला हा मेळ फार सोयीचा. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, हेही पथ्यावर पडते.

जाहिरातीच्या घोषवाक्यांचा इतिहास मात्र तितका सुखाचा नाही. २००९ मध्ये मोठा गाजावाजा करून ‘मॉरिशस, से अं प्लेझीर’ (मॉरिशस म्हणजे आनंद) हे वाक्य आणले गेले आणि देशातच त्याची टिंगल झाली. अलीकडचे घोषवाक्य बेटाची ‘ऊर्जा’ अनुभवायला बोलावते. ही वाक्ये दुसऱ्या कोणत्याही बेटाला लावली तरी चालतील, हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. शामारेलची सप्तरंगी माती किंवा २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलेला सेगा हा तिथला पारंपरिक नृत्य-संगीतप्रकार यांना अशी अदलाबदल चालत नाही.

२०२० हे वर्ष या व्यवस्थेची परीक्षा पाहून गेले. कोविडमुळे मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर पोइंत देस्नीजवळ प्रवाळभिंतीवर रुतले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल खाजणात पसरले. गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, त्यांच्या लांबच लांब वळकट्या शिवून तेल अडवायचा प्रयत्न केला. ज्या पाण्याच्या छायाचित्रावर सारी जाहिरात उभी, तेच पाणी काळे झाले होते. त्या वर्षी पर्यटक तीन लाखांच्या आसपासच आले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सीमा पूर्ण खुल्या झाल्या आणि २०२४ पर्यंत आकडा पुन्हा २०१९ च्या पातळीला, पावणेचौदा लाखांच्या पुढे पोहोचला. हिंदी महासागरातल्याच मालदीवला वेगळ्या कारणाने धक्का बसला. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांवर केलेल्या शेरेबाजीनंतर भारतीयांचा ओघ आटला आणि त्याच वर्षी दिल्ली, मुंबई, बेंगळुरूत रोड शो करून मनधरणी करावी लागली. मंत्र्याच्या बोटातून सुटलेल्या चार ओळी निस्तरायला पर्यटन खात्यालाच उभे राहावे लागते.

देशातली मुख्य तक्रार किनाऱ्याविषयी आहे. फ्रेंच काळापासून समुद्रालगतची ८१.२१ मीटर रुंदीची पट्टी, ‘पा जेओमेत्रिक’, सरकारी मालकीची मानली जाते. हॉटेलांना ती भाडेपट्ट्याने मिळते. भरतीच्या रेषेखालची वाळू सर्वांची, पण तिथवर पोहोचायची वाट हॉटेलच्या आवारातून जात असेल तर त्या हक्काला अर्थ उरत नाही. ‘आरेत कोकिन नू लाप्लाझ’, म्हणजे आमचे किनारे चोरणे थांबवा, असे क्रेओल या तिथल्या बोलभाषेतले नाव घेतलेल्या संघटनेने ‘पोंपोनेत’ या किनाऱ्यासाठी आंदोलन केले. प्राधिकरण भाडेपट्टे देत नाही, तरी त्याच्या जाहिरातीतला निर्मनुष्य किनारा हा या भांडणातला एक पक्ष आहेच. रविवारी पातेली, ढोलकी आणि तीन पिढ्या घेऊन किनाऱ्यावर तळ ठोकणारी स्थानिक कुटुंबे त्या छायाचित्रांत सहसा नसतात.

मराठी वाचकाला या चित्रात स्वतःचेही काही शोधता येते. १८३४ नंतर गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते. ते ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्यांच्या वंशजांच्या घरी आज क्रेओल बोलली जाते, पण मुलांना शाळेत मराठी शिकता येते आणि जाखडी नाच ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. गणपती विसर्जनाला निघतात ते नदीकडे नाहीतर समुद्राकडे, आणि त्या दिवशी पुळणीवर हॉटेलातले पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून मिरवणुकीला वाट करून देतात.