झिफॉस आणि ग्लॅडियस

ग्रीकांची झिफॉस आणि रोमनांची ग्लॅडियस या दोन तलवारी शेजारी ठेवल्या, तर त्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही लोखंडी, दुधारी आणि आखूड आहेत. झिफॉसचे पाते मुठीपासून थोडे निमुळते होत जाते, पुढे पुन्हा रुंदावते आणि मग टोकाला अणकुचीदार होते, म्हणून ते लांबट पानासारखे दिसते. मात्र एवढ्याच खुणेवर विसंबू नये. जर्मनीतील माइन्झ या गावावरून ओळखल्या जाणाऱ्या ग्लॅडियसच्या पात्यालाही मध्यभागी किंचित कंबर असते आणि कडा पूर्णपणे समांतर होतात त्या नंतरच्या पॉम्पेई प्रकारात. लांबीनेही निवाडा होत नाही.

खरा फरक लढाईतील स्थानाचा आहे. ग्रीक पायदळातील हॉप्लाइट सैनिकाचे मुख्य शस्त्र भाला होते. तलवार उपसायची ती भाला मोडल्यावर किंवा रांग विस्कटल्यावर. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत बहुतेकांचे भाले मोडल्यानंतर ग्रीक तलवारींनी लढले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. (घोडेस्वारासाठी तर ग्रीक लेखक व सेनानी झेनोफनने झिफॉसऐवजी एकधारी, वक्र पात्याची तलवार सुचवली आहे.) रोमन सैनिक मात्र पायलम हा फेकभाला आधी शत्रूवर टाकून मोकळा होई आणि उरलेली लढाई मोठ्या ढालीच्या आडून तलवारीने लढे. ती तो सहसा उजव्या बाजूला बाळगी, तर ग्रीकांची तलवार खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याने डाव्या कुशीला लटके.

ग्लॅडियसचा मूळ नमुना रोमनांनी स्पेनमधील लोकांकडून घेतला. ती केवळ भोसकण्यासाठी होती, हा समज अर्धवट आहे: टोकाने खुपसणे आणि दोन्ही धारांनी तोडणे ही दोन्ही कामे ती उत्तम करते, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवले आहे, आणि इ.स.पू. २०० मधील चकमकीनंतर तिने तोडलेले हात व मुंडकी पाहून मॅसेडोनियाचे सैनिक हादरल्याचे वर्णन रोमन इतिहासकार लिव्हीने केले आहे. इ.स.पू. १६८ मध्ये पिडना येथील रोमनांविरुद्धच्या लढाईत खडबडीत जमिनीवर मॅसेडोनियाच्या भालाईतांची रांग फुटली आणि रोमन तुकड्या त्या फटींतून आत शिरल्या, तेव्हा लांब भाले निरुपयोगी ठरून त्या सैनिकांना आपल्या लहान पात्यांनी रोमनांच्या भक्कम, उंच ढालींवर वार करत बसावे लागले.