न विचारता बदललेली फोन कंपनी : अमेरिकेतील ‘स्लॅमिंग’ची पार्श्वभूमी

१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी ही अमेरिकेतली अवाढव्य फोन कंपनी न्यायालयातल्या तडजोडीनुसार विभागली गेली. स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली आणि लांबच्या फोनसाठी एटी अँड टी, एमसीआय व इतर कंपन्यांत चुरस सुरू झाली. प्रत्येक घराने यांतली एक कंपनी निवडायची. तिची नोंद स्थानिक कंपनीकडे होई आणि आधी १ दाबून लावलेला फोन तिच्यामार्फत जाई.

गोम या नोंदीतच होती. ती बदलण्यासाठी ग्राहकाने स्वतः स्थानिक कंपनीला कळवण्याची गरज नव्हती. ‘हे गिऱ्हाईक आता आमचं’ असं नव्या कंपनीने सांगितलं की नोंद फिरायची. ज्याला नवं गिऱ्हाईक हवं, त्याच्याच शब्दावर विश्वास! घरच्यांना पत्ता लागायचा तो बिल आल्यावर, तेही नीट वाचलं तर. या प्रकाराला ‘स्लॅमिंग’ म्हणू लागले.

संमती मिळवण्याच्या युक्त्या संतापजनक होत्या. सोडतीच्या कुपनावर सही केली की तीच कंपनी बदलण्याची परवानगी ठरे. आमिषाचा मजकूर स्थलांतरितांच्या भाषेत आणि अटी मात्र इंग्रजीत, असंही चाले. ‘स्वागताचं पाकीट’ हा तर सरकारमान्य मार्ग होता: फोनवर विक्री झाल्यावर कंपनी माहितीचं पाकीट पाठवायची आणि आतलं नकाराचं कार्ड ठरावीक मुदतीत परत आलं नाही, तर होकार धरायची. जाहिरात समजून न उघडताच टाकलेलं पाकीटही होकारच. टेक्सासमधल्या एकाने तर ‘आय डोन्ट केअर’ आणि ‘आय डोन्ट नो’ या नावांनीच फोनसेवा नोंदवली होती. कोणती कंपनी हवी, असं ऑपरेटरने विचारल्यावर ‘कोणतीही चालेल’ म्हणणाऱ्याचा कॉल त्याच्या या सेवेकडे जाई.

दूरसंचारावर देखरेख ठेवणारं सरकारी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, जागं झालं, पण सावकाश. फोनवरच्या विक्रीसाठी पडताळणीचे नियम १९९२ मध्ये आले. १९९५ मध्ये संमतिपत्र सोडतीच्या कागदापासून वेगळं असावं आणि त्याचा काही भाग दुसऱ्या भाषेत असेल तर सगळंच त्या भाषेत असावं, असं ठरलं. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातल्या कलम २५८ ने स्लॅमिंगला थेट बंदी घातली. तरीही तक्रारी वर्षाला २० हजारांच्या घरात पोचल्या. १९९८ मध्ये एफसीसीने फ्लेचर समूहातल्या कंपन्यांचे परवाने रद्द करून ५७ लाख डॉलरांचा दंड ठोठावला. त्याच वर्षअखेरच्या आदेशाने स्वागताच्या पाकिटाचा मार्गही बंद केला.

माझ्या मते खरा फरक २००० मध्ये लागू झालेल्या नियमांनी पडला, कारण त्यांनी फसवणुकीतला नफाच काढून घेतला. ग्राहकाने पैसे भरले नसतील तर बदलानंतरचे पहिले ३० दिवस त्याला काहीच देणं लागत नाही. भरले असतील, तर दोषी कंपनीने त्या रकमेच्या दीडपट पैसे मूळ कंपनीला द्यायचे आणि त्यातून ग्राहकाला भरलेल्या रकमेच्या निम्मे परत मिळायचे. २०१८ मध्ये विक्रीच्या कॉलवर खोटं बोलून मिळवलेली संमतीही बाद ठरली.

भारतात २०११ पासून देशभर असलेल्या मोबाइल पोर्टेबिलिटीत सुरुवात ग्राहकाच्याच हातून होते: तो स्वतःच्या फोनवरून १९०० ला संदेश पाठवतो आणि आलेला कोड नव्या कंपनीला देतो. अमेरिकेच्या लँडलाइनमध्ये ग्राहकाच्या ताब्याची ही उणीव ‘फ्रीझ’ने भरून काढली. आपली नोंद गोठवून ठेवा, असं ग्राहक स्थानिक कंपनीला सांगतो. मग परस्पर बदल होत नाही. मात्र १९९६ नंतर स्थानिक सेवेतही स्पर्धा आली, तेव्हा जुन्या कंपन्या फ्रीझ वापरून गिऱ्हाइकं अडवतील अशी भीती निर्माण झाली. म्हणून प्रत्येक सेवेसाठी वेगळी संमती आणि फ्रीझ उठवण्याची सोपी सोय सक्तीची झाली: लेखी सांगा, तोंडी सांगा, किंवा ग्राहक, नवी कंपनी आणि स्थानिक कंपनी अशा तिघांनी एकाच कॉलवर बोलून ती उठवा.