क्लिकची हाताळणी: दोन ब्राउझरांच्या वादातून आलेली रीत

हिंजवडी किंवा खराडीतील एखाद्या कंपनीत नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याच्या वाट्याला अनेकदा जुन्या प्रणालीच्या देखभालीचे काम येते, आणि तेथे वेबपानावरील क्लिक हाताळण्याच्या तीन-चार पद्धती एकाच फाइलमध्ये नांदताना दिसतात. कुठे टॅगमध्येच, म्हणजे पानाचा घटक मांडणाऱ्या एचटीएमएलच्या खुणेतच, लिहिलेले ऑनक्लिक, कुठे अटॅचइव्हेंट, कुठे जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे लाइव्ह, तर कुठे अ‍ॅडइव्हेंटलिसनर आणि त्याच्या शेवटी विनाकारण लिहिल्यासारखे वाटणारे फॉल्स. हा निष्काळजीपणा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यातील बहुतेक ओळी त्या त्या काळी दुसरा इलाज नसल्यामुळे लिहिल्या गेल्या.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत क्लिकला प्रतिसाद देण्याची सोय प्रामुख्याने दुवे आणि फॉर्ममधील बटणे यांच्यापुरती होती, आणि तो प्रतिसाद टॅगमध्येच लिहावा लागे. एका घटकाला एकच हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) मिळत असल्याने दुसरा जोडला की पहिला पुसला जाई.

खरा पेच १९९७ मध्ये उभा राहिला. समजा, बालगंधर्व रंगमंदिरातील नाटकासाठी खुर्ची निवडण्याचे पान आहे. खुर्चीचा चौकोन रांगेत आहे, रांग आराखड्यात आणि आराखडा पानात. चौकोनावर क्लिक झाले, तर त्याची वर्दी आधी कोणाला द्यायची? नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीने वरून खाली येण्याचा, म्हणजे कॅप्चरिंगचा मार्ग धरला. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने खालून वर जाण्याचा, म्हणजे बबलिंगचा. इव्हेंटची, म्हणजे घडलेल्या क्लिकची, माहितीही नेटस्केप हँडलरच्या हाती देई, तर एक्सप्लोरर ती विंडो या साऱ्या कोडला सामाईक असलेल्या वस्तूवर ठेवी. त्यामुळे ‘हाती आलेला इव्हेंट घ्या, नसल्यास विंडोवरचा घ्या’ अशा अर्थाची एक ओळ पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक हँडलरच्या आरंभी लिहिली गेली.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने नोव्हेंबर २००० मध्ये डॉम (पानाच्या घटकांची रचना) लेव्हल टूचे इव्हेंटविषयक मानक प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही मार्ग ठेवले गेले: क्लिक आधी वरून खाली उतरते, मग पुन्हा वर चढते, आणि आपल्याला ते उतरताना हवे की चढताना, हे अ‍ॅडइव्हेंटलिसनरला दिलेल्या तिसऱ्या आर्ग्युमेंटने (मूल्याने) सांगायचे. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत हे आर्ग्युमेंट देणे सक्तीचे होते. ते फॉल्स, म्हणजे ‘चढताना’, तेथूनच आले. निर्दोष रचनेपेक्षा ही तडजोड अधिक आहे, परंतु ती टिकली.

मायक्रोसॉफ्टने मात्र इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीपासून आणलेले स्वतःचे अटॅचइव्हेंटच पुढे चालू ठेवले. त्यात कॅप्चरिंग नव्हते, आणि हँडलरमधील धिस हा शब्द हँडलर जोडलेल्या घटकाऐवजी विंडोकडे बोट दाखवी. अ‍ॅडइव्हेंटलिसनर त्या ब्राउझरला २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत मिळाले. मधल्या काळात, २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीने हा भेद आपल्या पोटात घेतला, आणि तिच्या लोकप्रियतेचे मोठे श्रेय माझ्या मते याच गोष्टीला जाते.

बबलिंगचा खरा फायदा लोकांच्या ध्यानात आला तो डेलिगेशनमुळे. शेकडो खुर्च्यांना वेगवेगळे लिसनर (म्हणजे हँडलरच) जोडण्याऐवजी संपूर्ण आराखड्याला एकच जोडायचा आणि क्लिक कोणत्या चौकोनातून वर आले, हे इव्हेंटमधील टार्गेट या नोंदीवरून ओळखायचे. प्रयोग बदलून नव्या खुर्च्या मांडल्या, तरी पुन्हा काही जोडावे लागत नाही. जेक्वेरीचे लाइव्ह हेच करी, पण प्रत्येक क्लिक थेट डॉक्युमेंटपर्यंत चढू देई. मधल्या एखाद्या हँडलरने बबलिंग अडवले, की लाइव्हपर्यंत काहीच पोहोचत नसे. २०११ मध्ये त्याच्या जागी ऑन आले आणि २०१३ मध्ये लाइव्ह काढून टाकले गेले.

स्पर्शपटलांवर दोनदा टिचकी मारून पान मोठे करण्याच्या सोयीमुळे क्लिक सुमारे ३०० मिलिसेकंद रोखून धरले जाई. मोबाइलच्या रुंदीशी जुळवलेल्या पानांसाठी क्रोमने २०१४ मध्ये ही अडचण दूर केली. टॅगमधील ऑनक्लिकला कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे नियम) कडक असलेल्या पानांवर आता मज्जावच असतो. कीबोर्डची बाजू मात्र अजूनही दुर्लक्षित राहते. खऱ्या बटणावर एंटर किंवा स्पेस दाबल्यास ब्राउझर स्वतःहून क्लिक घडवतो. खुर्चीचा चौकोन साध्या डिव्हने (निव्वळ चौकट आखणाऱ्या टॅगने) काढला असेल, तर माउस न वापरणाऱ्या प्रेक्षकाला ती खुर्ची निवडताच येत नाही.