टायटॅनिक ‘अल्विन’ने शोधले नव्हते

‘अल्विन’ पाणबुडीत बसून गेलेल्या माणसांनी टायटॅनिक शोधले, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. १ सप्टेंबर १९८५ रोजी, सुमारे ३,८०० मीटर खोलीवर, जहाजाचा बॉयलर प्रथम टिपला तो ‘आर्गो’च्या कॅमेऱ्याने, आणि आर्गोत माणूस तर नव्हताच, पण स्वतःचे इंजिनही नव्हते. दिवे आणि कॅमेरे बसवलेला हा पोलादी सांगाडा ‘नॉर’ जहाजामागून लांब केबलने ओढला जात होता, कारण समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी फार खोल शिरत नाहीत आणि चित्रे वर आणण्यासाठी केबलच लागते. बॉयलरची रिव्हेट ठोकलेली ती गोल चकती पडद्यावर उमटली, तिचे श्रेय शोधमोहिमेचे प्रमुख रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या पथकाइतकेच या साध्या सांगाड्यालाही मिळायला हवे. अल्विन तिथे उतरली १९८६ मध्ये, ‘जेसन ज्युनियर’ या छोट्या यंत्रमानवाला सोबत घेऊन.