डबक्याची ठेव

उन्हाळ्यात आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. कोरड्या खळग्यात जेसीबी उभा आणि खाली ओळ, ‘डासांचं घर साफ!’ मी हळहळलो, तर लगेच उत्तर आलं, ‘अहो, पाऊस पडला की उगवेलच की परत सगळं.’

उगवेल, पण कुठून? ढगातून वनस्पती पडत नाहीत. डबक्यातलं हिरवं वरच्या चार बोटं चिखलात साठवलेलं असतं, आणि जेसीबी नेमका तोच थर उचलतो.

कासच्या पठारावरचा वायतुरा कंदाच्या रूपात उन्हाळा काढतो. त्याची पानं गुरांनी तुडवली तरी कंद खाली शाबूत राहतो. माझी लाडकी मात्र मार्सिलिया. पानं आंबुशीसारखी, पण तीनऐवजी चार दलांची. ही मुळात नेच्याची जात, तिला फूल येत नाही. (‘नशीब उजळवणारं चौपानी रोप’ म्हणून कुणी गळ्यात मारायला आलं, तर ते हेही असू शकतं. नशीब विकणाऱ्याचं उजळतं.)

पाणी ओसरू लागलं की देठाच्या बुडाशी मसुराएवढ्या टणक, तपकिरी गोळ्या धरतात. नुसत्या भिजवल्या तर त्या ढिम्म राहतात, पाणी आत शिरतच नाही. मी एकीचा कडेचा टवका नेलकटरनं उडवला आणि ती बशीतल्या पाण्यात टाकली. चहा होईपर्यंत कवच उकललं आणि आतून सब्जासारखा बुळबुळीत, अळीसारखा पट्टा बाहेर सरकत आला. त्याच्या दोन्ही अंगांना बीजाणूंच्या, म्हणजे नेच्याला बियांऐवजी येणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, पिशव्या. मोठे बीजाणू मादी, बारीक ते नर.

पुढची घाई थक्क करणारी आहे. मार्सिलिया वेस्टिटा या अमेरिकी भाऊबंदात नर बीजाणू भिजल्यापासून साधारण 11 तासांत शुक्रपेशी तयार होतात. एका बीजाणूत 32, प्रत्येक मळसूत्रासारखी पिळलेली, अंगावर शंभराहून जास्त रोमक, म्हणजे पोहण्यासाठीचे केसांसारखे धागे. एवढं झटपट जमतं, कारण प्रथिनं बनवण्याच्या सूचना, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बीजाणूत आधीच साठवलेल्या असतात. डीएनएवरून बहुतांश नव्यानं उतरवून घ्याव्या लागत नाहीत, नुसत्या वाचायच्या. कोरड्या गोळीत हा साठा वर्षानुवर्षं टिकतो. वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवलेल्या शंभरेक वर्षं जुन्या गोळ्यांतले बीजाणूही रुजले आहेत.

मग कवच इतकं हट्टी कशाला? मृग बरसतो आणि पंधरा दिवस दडी मारतो, हे आपल्याला ठाऊक आहे. सगळ्या गोळ्या पहिल्याच सरीला फुटल्या, तर वंश तिथंच संपेल. खुरांनी, खडीनं घासून किंवा कुजून कवचं वेगवेगळ्या वर्षी झिजतात, म्हणून काही गोळ्या कायम शिल्लक राहतात. म्हशी डुंबल्या, एखादा पाऊस हुकला, वरचं गवत जळलं, तरी डबकं त्या शिलकीवर सावरतं. थरच उचलला तर मात्र शिल्लक उरत नाही. मग वाऱ्यावर येईल ते आणि पक्ष्यांच्या पायाला चिकटून येईल ते, एवढंच.

त्या खळग्याची माती रस्त्याकडेला ढीग करून टाकली होती. मी पिशवीभर आणली आणि गच्चीतल्या टबात भिजवली. तिसऱ्या आठवड्यात चार दलांचं पहिलं पान वर आलं. डासांच्या अळ्या त्याआधीच आल्या होत्या, त्यामुळे टबात गप्पी मासे सोडावे लागले. ग्रुपवर हे अजून सांगितलेलं नाही.