बोट लिफ्टवर आहे अन् हरिकेन येऊन राहिलं, तर काय करायचं

आमचं काम हिंगणा एमआयडीसीत, बोटीचे कव्हर शिवायचे अन् पॉलिएस्टर पट्टीचे बेल्ट बनवायचे. सुरुवात रामटेकजवळच्या खिंडसी तलावातल्या बोटींपासून झाली, आता बराच माल फ्लोरिडाला जातो, कारण आपलीच नागपूरची मंडळी तिकडे टँपा, फोर्ट मायर्सकडे घर घेऊन बसली आहे, घरामागे कॅनॉल, कॅनॉलमध्ये लिफ्ट (खांबांवरच्या केबलने बोट पाण्याबाहेर उचलून धरणारा सांगाडा) अन् लिफ्टवर बोट. ऑगस्ट लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न असते, भाऊ तुमचं कव्हर हरिकेनमध्ये टिकते का?

नाही टिकत. अन् टिकलं तर जास्तच वाईट. कव्हर हे ऊन, धूळ, पक्ष्यांची घाण अन् साध्या पावसासाठी आहे. तिकडच्या चक्रीवादळात वारा ताशी 119 किलोमीटरच्या वर गेला की त्याला हरिकेन म्हणतात, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होते हे लक्षात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे वादळ सुटलं की वर्धा रोडवरचे फ्लेक्स कसे फाटून लोंबतात ते पाहिलंच असेल तुम्ही, तो वारा तर याच्यापुढे काहीच नाही. फाटलं ते सुटलं, पण न फाटलेलं कव्हर वारा धरून ठेवते अन् बोटच बंकवरून (लिफ्टवर बोट ज्या फळ्यांवर टेकते त्या) ओढते. म्हणून कव्हर काढा, घडी करून घरात ठेवा. बिमिनीचं (बोटीवरच्या सावलीच्या छताचं) कापड, गाद्या, अँटेना, जीपीएस, जे जे निघते ते काढा. कव्हर विकणाराच असं सांगते म्हणून हसू नका, नंतर फाटक्या कव्हरचे फोटो पाहायला आम्हाला चांगलं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. लिफ्ट ही वादळासाठी बनलेलीच नाही, त्यामुळे जमत असेल तर बोट लिफ्टवर ठेवूच नका. ट्रेलर असेल तर ट्रेलरवर घ्या अन् समुद्रापासून आत, उंचावर न्या, चाकांना ठोकळे लावा, टायरमधली थोडी हवा काढा, बोट ट्रेलरला बांधा अन् ट्रेलर जमिनीला. ट्रेलर नसेल तर मरिनावाल्याशी (बोटी ठेवायच्या धक्क्यावाल्याशी) जून लागायच्या आधीच बोलून ठेवा, वादळ जवळ आल्यावर तिथे जागा मिळत नाही.

याचं कारण वारा कमी अन् पाणी जास्त. 28 सप्टेंबर 2022 ला इयान नावाचं हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा फोर्ट मायर्स बीचला जमिनीच्या वर 10 ते 15 फूट पाणी चढलं होतं. तुमची लिफ्ट पूर्ण वर नेली तरी एवढं पाणी आलं की बोट बंकवरून तरंगते, इकडेतिकडे आपटते अन् पाणी उतरताना थेट खांबावर येऊन बसते, मग खांब बोटीचा तळ फोडून वर निघालेला दिसते. आणि त्याच इयानमध्ये टँपा बेचं पाणी उलटं समुद्राकडे ओढलं गेलं होतं, म्हणजे पाणी कोणत्या बाजूला जाईल हे वादळाचं केंद्र तुमच्या कोणत्या बाजूने जाते यावर आहे. मागच्या वर्षी काही झालं नाही म्हणून यंदाही नाही होणार हा हिशेब करू नका.

तरीपण बोट लिफ्टवरच ठेवायची वेळ आलीच, तर ड्रेन प्लग (बोटीच्या तळातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढा. पाण्याचा हिशेब सोपा आहे, एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर, म्हणजे एक किलो. तुमच्या बोटीचं तोंड 15 चौरस मीटर धरा, 200 मिलिमीटर पाऊस धरा, झाले 3000 किलो! 10,000 पाउंडची लिफ्ट म्हणजे साडेचार टन वजन उचलणारी, त्यात बोटीचं स्वतःचं वजन, मग केबल तुटणार नाही तर काय होणार. पाणी निघायची भोकं पानांनी बुजलेली असतात ती पण साफ करा. काही लोक म्हणतात प्लग लावा, पाणी चढलं तर बोट तरंगेल. आमचं मत असं की पाणी बोटीपर्यंत चढणार असेल तर बोट तिथे असायलाच नको, आणि नसेल चढणार तर प्लग लावायचं कारण काय?

लिफ्ट किती वर न्यायची? वादळाच्या अंदाजात सांगितलेल्या पाण्याच्या वर राहील एवढी, पण केबल एकदम शेवटपर्यंत ताणू नका, अन् जितकी वर जाईल तितका वारा जास्त लागते. मग बोट आधी क्रेडलला (बोट ज्यात बसते त्या लिफ्टच्या चौकटीला) बेल्टने आवळा, अन् क्रेडल केबलवर झुलते म्हणून पुढून-मागून खांबांना क्रॉस दोर बांधा. आवळायला पॉलिएस्टरच घ्या, नायलॉन ताणते. बेल्ट जिथे कडेला घासते तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा, नुसत्या घासण्याने चांगला बेल्ट कापला जाते. शेवटी चार्जर काढा, लिफ्टचा ब्रेकर बंद करा, सगळ्याचे फोटो काढा. इन्शुरन्सची पॉलिसी आधीच वाचा, बऱ्याच पॉलिसीत नाव दिलेल्या वादळासाठी वेगळं डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा भाग) असते.

हे सगळं कधी? सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर, जोर साधारण 10 सप्टेंबरच्या आसपास. तिकडचं हरिकेन सेंटर वादळी वारे पोचायच्या 48 तास आधी वॉच देते (हरिकेन येऊ शकते) अन् 36 तास आधी वॉर्निंग (येणार असं धरा). काम वॉचच्या आधीच उरकायचं, वॉर्निंगनंतर बोटीकडे जाऊच नका, इव्हॅक्युएशन झोन (घर सोडून जायला सांगितलेला भाग) पाहून घरच्यांना घेऊन निघा. अन् बोटीवर बसून राहायचा विचार पण करू नका.

बेल्टची ऑर्डर एप्रिलपर्यंत द्या, वादळ नकाशावर दिसल्यावर कुरिअर पोचत नाही. मागच्या सीझनचे बेल्ट असतील तर उन्हाने कडक झाले का, शिलाई उसवली का ते पाहून फोटो पाठवा, आम्ही फुकट पाहून सांगतो. उन्हाळ्यात नागपूर तुमच्या साडेनऊ तास पुढे असते, तेव्हा तुमच्या सकाळी आठ वाजता फोन करा, इथे साडेपाच झालेले असतात अन् दुकान उघडं असते.