किमान वेतनाचा फरक मागायचाय? आधी विशेष भत्त्याचा रकाना बघा

महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे दोन आकड्यांची बेरीज: मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. मूळ वेतन उद्योगाच्या अधिसूचनेत ठरतं आणि पुढची सुधारित अधिसूचना येईपर्यंत तेच राहतं. विशेष भत्ता महागाईला बांधलेला असतो. तो दर सहा महिन्यांनी, १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. देय वेतन आणि मिळालेला पगार यांत फरक राहतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या आकड्यात. कामगार रुजू झाला तेव्हा त्या वेळचं किमान वेतन बरोबर दिलेलं असतं. पुढं दोन-तीन वर्षं पगार तोच राहतो, भत्ता मात्र मधल्या काळात चार ते सहा वेळा बदललेला असतो. पगाराच्या चिठ्ठीवर ‘ग्रॉस’ म्हणून एकच आकडा असेल तर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कायद्याचं सध्याचं चित्र असं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात विरला. जुन्या कायद्याखाली निघालेल्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, त्यामुळे दर शोधताना जुनी अधिसूचना हाती आली तर गोंधळून जाऊ नका. पूर्वी अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांनाच किमान वेतन लागू होतं. आता ते प्रत्येक नोकरीला आहे आणि सुपरवायझरसुद्धा ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसतो. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खालचे शिकाऊ मात्र यात येत नाहीत. पण नुसतं ‘ट्रेनी’ म्हटल्यानं कुणी शिकाऊ उमेदवार ठरत नाही, त्यासाठी नोंदणी झालेला करार लागतो. पुण्याजवळ चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ‘ट्रेनी’ म्हणून लाइनवर उभं करतात, तेव्हा आधी हा करार मागून बघा.

दर शोधायला तीन गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: उद्योग, परिमंडळ आणि वर्ग.

उद्योग म्हणजे आस्थापनेचा धंदा. लक्ष्मी रोडवरचं कापडाचं दुकान ‘दुकाने व व्यापारी आस्थापना’त येतं, खानावळ हॉटेलांच्या अधिसूचनेत, भोसरीतलं वर्कशॉप अभियांत्रिकीत. दर प्रत्येकाचे वेगळे. कंत्राटदारामार्फत लागलेल्यांनी आपलं काम कोणत्या अधिसूचनेत बसतं हे कामगार कार्यालयात विचारून घ्यावं, कारण सगळ्यात स्वस्त अधिसूचना लावायचा मोह इथंच होतो.

परिमंडळ ठरतं ते कामाच्या जागेवरून. तुम्ही राहता कुठं आणि कंत्राटदाराचं ऑफिस कुठं, याला अर्थ नाही. दुकानांच्या अधिसूचनेत महापालिका व कटक मंडळांची (कॅन्टोन्मेंट) हद्द परिमंडळ १ मध्ये, नगरपरिषदा २ मध्ये आणि उरलेला भाग ३ मध्ये आहे. म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, खडकी आणि देहूरोड वरच्या दरात, तळेगाव दाभाडे किंवा सासवड मधल्या दरात. पुण्यात घोळ होतो तो सीमेवर. वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्या दिवसापासून तिथल्या दुकानातल्या नोकराचं परिमंडळ बदललं, पण पगारपत्रक बनवणाऱ्याच्या संगणकात जुनंच परिमंडळ राहिलेलं असू शकतं. हिंजवडीत काचेच्या इमारती कितीही असल्या तरी ती ग्रामपंचायत आहे. मात्र काही उद्योगांच्या अधिसूचनांत महापालिकेलगतचा औद्योगिक पट्टाही वरच्या परिमंडळात धरलेला असतो, म्हणून आपल्या अधिसूचनेच्या शेवटी दिलेलं स्पष्टीकरण वाचल्याशिवाय आकडा धरू नका.

तिसरी गोष्ट वर्ग. कुशल, अर्धकुशल, अकुशल यांची व्याख्या अधिसूचनेतच असते. अनुभवानं किंवा प्रशिक्षणानं आलेल्या कौशल्यावर चालणारं काम कुशल. ठरावीक चाकोरीतलं, फारसा निर्णय घ्यावा न लागणारं काम अर्धकुशल. अनुभव नसला तरी जमेल असं साधं काम अकुशल. नेमणूकपत्रावर ‘हेल्पर’ लिहून प्रत्यक्षात वायरिंग करून घेतलं जात असेल तर वर्ग कामावरून ठरतो, हुद्द्यावरून नाही. हे पटवायला कामाचे पुरावे लागतात, त्याकडं पुढं येऊ.

दर कामगार विभागाच्या ‘महाकामगार’ संकेतस्थळावर मिळतात. विशेष भत्ता कसा निघतो हे माहीत असलं की कुणी फसवू शकत नाही. जानेवारी ते जूनच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची सरासरी काढतात, ती अधिसूचनेतल्या पायाभूत निर्देशांकापेक्षा किती अंशांनी वर गेली ते बघतात आणि दर अंशाला ठरलेला रुपयांतला दर लावतात. येणारी रक्कम म्हणजे जुलै ते डिसेंबरचा भत्ता. जुलै ते डिसेंबरच्या सरासरीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा. स्वतः गणित करणाऱ्यांसाठी एक खाच: सप्टेंबर २०२० पासून निर्देशांकाचं पायाभूत वर्ष २००१ ऐवजी २०१६ झालं. नव्या मालिकेतला आकडा जुन्या पायाशी थेट ताडला तर महागाई उतरल्यासारखी दिसते. आधी जोडगुणकानं (नव्या मालिकेतला आकडा जुन्या पायावर आणणाऱ्या गुणकानं) गुणावं लागतं. अखिल भारतीय जोडगुणक २.८८ आहे, पण प्रत्येक केंद्राचा वेगळा. त्यापेक्षा जाहीर झालेला रुपयांतला आकडा घेणं सोपं. भत्ता जाहीर व्हायला उशीर झाला तरी लागू होण्याची तारीख बदलत नाही, मधल्या महिन्यांचा फरक थकबाकी म्हणून द्यावाच लागतो.

आता हिशोब. दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या २०१९ च्या अधिसूचनेत परिमंडळ १ साठी मूळ वेतन अकुशल १०,०२१, अर्धकुशल १०,८५६ आणि कुशल ११,६३२ रुपये होतं. गणितापुरता विशेष भत्ता ३,००० रुपये धरू (तुमच्या सहामाहीचा खरा आकडा तिथं घाला). अकुशल कामगाराचं किमान वेतन झालं १३,०२१. रोजचा दर काढायला २६ नं भागायचं, ३० नं नाही, कारण साप्ताहिक सुटीचा पगार त्यातच धरलेला असतो. रोज ५०० रुपये ८१ पैसे. कपातीआधीचा ठरलेला पगार ११,००० असेल तर महिन्याला २,०२१ रुपये कमी. अर्धवेळ काम असेल तर रोजच्या दराला आठनं भागून तासाचा दर काढायचा आणि त्यावर १५ टक्के वाढवायचे.

ओव्हरटाइमचं गणित करायला लोक कचरतात, खरं तर मोठी रक्कम तिथंच असते. आठवड्याला ४८ तासांच्या वरचं काम दुप्पट दरानं. रोज दहा तास, सहा दिवस काम केलं तर महिन्याचे ५२ तास जास्त होतात आणि त्याचे पैसे बरोबर अर्ध्या पगाराएवढे येतात: वरच्या उदाहरणात ६,५१० रुपये ५० पैसे. बारा तासांची पाळी असेल तर १०४ तास, म्हणजे आणखी एक अख्खा पगार. सोसायटीच्या फाटकावर बारा तास बसणाऱ्या रखवालदाराला १५,००० मिळतात म्हणजे किमान वेतनापेक्षा जास्तच मिळतात, असं सोसायटीचे पदाधिकारी मोकळेपणानं सांगतात. आठ तासांच्या वेतनाशी बारा तासांचा पगार ताडायचा हा प्रकार. हा रखवालदार २६,०४२ ला पात्र आहे, साप्ताहिक सुटीच्या दिवशी केलेलं काम त्यातही धरलेलं नाही. जिल्हा सुरक्षा रक्षक मंडळात नोंदलेल्या रक्षकांना मात्र मंडळाचे दर लागतात.

५० किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांत १९८३ च्या राज्य कायद्यानं वेतनाच्या ५ टक्के घरभाडे भत्ता वेगळा द्यावा लागतो. तो किमान वेतनात धरून दाखवता येत नाही. प्रवासभत्ता, बोनस, ओव्हरटाइम, मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, यांतलंही काही मोजायचं नाही. ‘महिना साडेचौदा हजार सीटीसी’ (म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च) असं नेमणूकपत्र हातात पडलं की यातल्या किती गोष्टी त्यात कोंबल्यात ते बघा. वेतनातून कापता येतात त्या रकमा मोजक्याच: कामगाराचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १२ टक्के, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के, व्यवसाय कर (दहा हजारांवर पुरुषांना २००, फेब्रुवारीत ३००, स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ), घेतलेली उचल वगैरे. मालकाचा पीएफ-ईएसआयचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणं सरळ बेकायदा, तरी कंत्राटी कामात हे होतं. दंड लावलाच तर महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच, आणि तोही बाजू मांडायची संधी देऊन.

कार्यालयात जाण्याआधी तक्रार आणि दावा यांतला भेद समजून घ्या. तक्रार दिली की अधिकारी आस्थापनेची तपासणी करतो आणि कसूर दिसली तर मालकावर कारवाई होते: पहिल्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड सरकारजमा होतो. फरकाचा पैसा तुमच्या हातात हवा असेल तर संहितेखाली दावे ऐकायला नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढं दावा लावावा लागतो. नुसती तक्रार देऊन वर्षभर वाट बघणारे पुष्कळ, आणि तेवढ्यात मुदतीचे महिने सरकत जातात. दोन्ही एकदम करता येतं.

मुदत संहितेखाली तीन वर्षांची. जुन्या कायद्यात ती सहा महिनेच होती. म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ आधीच्या काळाचा फरकही मागत असाल तर मालकाचा वकील जुन्या मुदतीवर बोट ठेवणार हे धरून चाला. अर्जातच उशिराचं कारण लिहा आणि उशीर माफ करण्याची विनंती वेगळ्या परिच्छेदात करा.

पुण्यात राज्याचं कामगार कार्यालय वाकडेवाडीला, मुंबई-पुणे रस्त्यावर आहे. अर्जाचा चालू नमुना तिथूनच घ्या. दावा स्वतः लावता येतो, तुम्ही सभासद असलेली नोंदणीकृत युनियन लावू शकते किंवा अधिकारीही लावू शकतो. एकाच जागी काम करणाऱ्या पंधरा-वीस जणांनी मिळून एकच अर्ज दिला तरी चालतो, आणि एकट्यानं पुढं होण्यापेक्षा ते बरं. सामनेवाले म्हणून कंत्राटदार आणि ज्याच्या आवारात काम केलं ती कंपनी, दोघांची नावं टाका. कंत्राटदारानं पैसे बुडवले तर जबाबदारी कंपनीवर येते, पण तिला पक्षकारच केलं नसेल तर कंत्राटदार गायब झाल्यावर मागणार कुणाकडं?

अर्जाला महिन्यावार तक्ता जोडा: महिना, कामाचे दिवस, जादा तास, देय वेतन, मिळालेलं वेतन, फरक. सहामाही बदलते तिथं भत्ता बदला. वर्षभराला एकच आकडा लावलेला तक्ता पहिल्याच तारखेला मोडीत निघतो. फरकाबरोबर भरपाईही मागा, ती फरकाच्या दहापटीपर्यंत देता येते. प्राधिकारी दरवेळी दहापट देतो असं समजू नका, पण मागितलीच नाही तर विचारही व्हायचा नाही.

कागदपत्रांत आधार, बँक पासबुकाच्या नोंदी, पगाराच्या चिठ्ठ्या, नेमणूकपत्र, ओळखपत्र हे झालं नेहमीचं. वेतन दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, त्यामुळे चिठ्ठी नाही म्हणून दावा अडत नाही. अडतो तो ‘हा माणूस आमच्याकडं नव्हताच’ या एका वाक्यावर. म्हणून नोकरी सिद्ध करणारे कागद आधी गोळा करा: पीएफच्या पासबुकावरचं आस्थापनेचं नाव, ईएसआयच्या खात्यावर दर महिन्याला दाखवलेले दिवस आणि वेतन, गेटपास, डिलिव्हरी चलनावरची तुमची सही, ड्युटी लावल्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. ईएसआयच्या नोंदी नीट वाचा. २६ दिवस काम करून घेऊन तिथं १८ दिवस दाखवलेले सापडतात, म्हणजे रोजाचा दर कागदावर बरोबर बसतो. दुसरी चाल म्हणजे बँकेत पूर्ण पगार भरायचा आणि त्याच दिवशी ठरावीक रक्कम रोखीनं परत घ्यायची. दर महिन्याला पगाराच्या दिवशीच ठरावीक रक्कम एटीएममधून काढल्याच्या नोंदी आणि दोन-तीन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं यांवर ते उघडं पाडता येतं. मोबाइलमधलं सगळं छापून घ्या, नोकरी सुटली की ग्रुपमधून काढायला एक मिनिट लागत नाही.

सामनेवाले जितके तितक्या प्रती, एक कार्यालयाची, एक आपली. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रेल्वे, बँका, विमा, संरक्षण कारखाने इथले कंत्राटी कामगार राज्याच्या कक्षेत नसतात. पुणे स्टेशनची सफाई किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं कंत्राट केंद्राच्या दरात येतं. तिथं महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, पुणे ‘अ’ क्षेत्रात मोडतं आणि दावा केंद्रीय कामगार यंत्रणेकडं जातो. चुकीच्या दारात दिलेला अर्ज परत येतो आणि मधले महिने वाया जातात.

सुनावणीत पहिल्या-दुसऱ्या तारखेला मालक बहुधा तडजोडीचा कागद पुढं करतो. किमान वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार कायद्यानं रद्दच ठरतो. तरी ‘सर्व येणे मिळाले’ असं लिहिलेल्या कागदावर रक्कम हातात पडण्याआधी सही करू नका. करायचीच वेळ आली तर कोणत्या महिन्यांचे किती रुपये मिळाले ते स्वतःच्या अक्षरात लिहून मग करा. याच दिवसांत कामावरून काढलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, हा मुद्दा वेगळ्या अर्जानं लगेच मांडा. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं संहिता म्हणते. निकाल पटला नाही तर अपिलाला ९० दिवस आहेत. आणि आदेश होऊनही मालकानं पैसे भरले नाहीत तर वसुली प्रमाणपत्र मागा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडं गेलं की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्या अर्जात मालकाचं बँक खातं, जागा, वाहनं यांचा ठावठिकाणा जितका देता येईल तितका द्या, कारण जप्ती कशावर आणायची हे तहसील कार्यालय तुम्हालाच विचारणार.